एका ओळीची एकोणीस वर्षं

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात पाम्बो नावाचा एक तापस राहायचा. त्याला अक्षरओळख नव्हती. चार स्तोत्रं तरी तोंडपाठ असावीत म्हणून तो एका जाणत्या माणसाकडे शिकायला गेला. त्यानं एकोणचाळिसावं स्तोत्र काढलं आणि पहिली ओळ म्हटली. जिभेकडून पाप घडू नये म्हणून मी जपून राहीन, अशा अर्थाची ती ओळ. पाम्बो उठला. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं, म्हणाला आणि दुसरी ओळ न ऐकताच निघून गेला. सहा महिन्यांनी गाठ पडल्यावर शिक्षकानं हटकलं, तर हा म्हणतो, पहिलाच धडा अजून आला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी कुणी विचारलं, आता तरी आली का ती ओळ? त्यावर उत्तर मिळालं की एकोणीस वर्षं लागली, आणि तीही जेमतेम आली. पाचव्या शतकातल्या सॉक्रेटिस नावाच्या चर्च-इतिहासकारानं ही गोष्ट लिहून ठेवली आहे. विषाचा पेला प्यायलेला सॉक्रेटिस तो नव्हे, हा वेगळा.

पाम्बोच्या हाती आजचं एखादं '३६५ दिवस, ३६५ उतारे' छापाचं पुस्तक पडलं असतं, तर तो १ जानेवारीच्याच पानावर अडकून राहिला असता. अशी पुस्तकं ख्रिस्ती जगात भरपूर आहेत. वर तारीख, खाली तेरेजा, एकहार्ट, जुलियन, क्रुसाचा योहान अशा जुन्या ख्रिस्ती साधकांपैकी कुणाचा तरी दहा-बारा ओळींचा उतारा. सकाळी प्रार्थनेला बसण्याआधी वाचायचा आणि मग डोळे मिटायचे. मोबाइलवरही असे उतारे रोज येतात. या पुस्तकांची थट्टा करणं सोपं आहे, पण त्यांच्या मागची सवय दीड हजार वर्षांची आहे आणि ती मुळात फार शहाणपणाची आहे.

आधी ही प्रार्थना कोणती ते सांगायला हवं. ख्रिस्ती प्रार्थना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मागणं मागणारी, आभार मानणारी, गाणारी माणसं येतात. तिच्या शेजारीच एक दुसरी वाट पहिल्यापासून आहे. तिच्यात मागायचं काही नसतं, शब्दही हळूहळू गळून पडतात. देव आहे एवढ्या भरवशावर गप्प बसायचं. मराठीत तिला ध्यानप्रार्थना किंवा मौनप्रार्थना म्हणता येईल. मग जिथे शब्दच सोडायचे तिथे वाचनाचं काय काम? काम आहे ते मनामुळे. कुणीही पाच मिनिटं नुसतं बसून पाहावं. विजेचं बिल, कालचं भांडण, गुडघा, पुन्हा विजेचं बिल. मनाला उभं राहायला एखादी पायरी लागते, आणि वाचन ती पायरी देतं.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेदिक्तानं आपल्या मठासाठी नियम लिहिले, त्यांत मठवाशांच्या दिवसातले काही तास या वाचनासाठी राखून ठेवले. ज्याला लॅटिनमध्ये लेक्तिओ दिविना म्हणतात, ते हे पवित्र वाचन. बेनेदिक्त माणसं ओळखून होता. वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठांनी मठात फेरी मारावी, कुणी आळसावून बसलंय का, गप्पा छाटतंय का ते पाहावं, असं त्याचं कलम आहे. दुपारी वामकुक्षीच्या वेळी कुणाला वाचायचंच असेल तर शेजाऱ्याची झोप मोडणार नाही अशा बेतानं वाचावं, असंही आहे. म्हणजे वाचन तोंडानं व्हायचं, आवाज करत. उपवासकाळात प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक मिळे, आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायचं असे. निवडक उतारे नव्हेत, अख्खं पुस्तक. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांना एकत्र बसवून, वाळवंटातल्या तापसांशी झालेले संवाद लिहून ठेवणाऱ्या कासियनची संभाषणं वाचून दाखवावीत, मात्र बायबलमधले लढाया-राजांचे भाग त्या वेळी नकोत, कच्च्या मनांना ते झोपण्याआधी मानवत नाहीत, हेही त्यानंच सांगितलं. रात्री बातम्या बघून अंथरुणावर पडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटायला हरकत नाही.

या वाचनाच्या रीतीला त्या काळच्या लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्याचा नेमका अर्थ आपल्याकडे रवंथ असा होतो. गाय चरताना भराभर गिळते आणि मग सावलीत बसून तोच घास पुन्हा तोंडात आणून चघळते, तसं. दहाव्या शतकातल्या गोर्झच्या योहानाबद्दल लिहिलंय की स्तोत्रं पुटपुटताना त्याच्या ओठांमधून मधमाशीसारखी गुणगुण ऐकू यायची. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रझ मठाचा प्रमुख दुसरा ग्विगो यानं या सगळ्याची एक शिडीच करून टाकली. वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान अशा चार पायऱ्या. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेला त्याची चव लागते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच, असा त्याचा हिशोब. आपल्या वाचकाला इथे श्रवण, मनन, निदिध्यासन आठवेल, आणि ते साहजिक आहे. फरक एवढाच की ग्विगोच्या शिडीत मननानंतर माणूस थकून हात जोडतो. वरची पायरी स्वतःच्या बळावर चढता येत नाही, ती दिली जाते, यावर त्याचा भर आहे.

सोळाव्या शतकातली आविलाची तेरेजा या बाबतीत फार प्रांजळ आहे. ध्यानप्रार्थनेची ती मोठी अधिकारी मानली जाते, पण अठरा वर्षं आपल्याला पुस्तक हातात असल्याशिवाय प्रार्थनेला बसायची हिंमतच झाली नाही, असं ती आत्मचरित्रात सरळ कबूल करते. ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरचा वेळ तेवढा अपवाद. पुस्तक जवळ आहे एवढ्यानंच मन शांत व्हायचं. कधी थोडं वाचायची, कधी उघडायचीही गरज पडायची नाही. ज्या पुस्तकानं तिला वाट दाखवली ते तिला काकांनी दिलं होतं, ओसुना नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाचं, १५२७ साली छापलेलं. नावाचं मराठी केलं तर 'तिसरी आध्यात्मिक बाराखडी' होईल.

प्रार्थनेला तिनं बागेच्या पाण्याची उपमा दिली आहे, ती कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. आधी विहिरीतून बादलीनं शेंदायचं, मग रहाटानं, मग पाटाचं पाणी आपोआप येतं आणि शेवटी पाऊस. वाचन आणि मनन हा शेंदण्याचा भाग. हात दुखतात, पाणी थोडं निघतं, पण झाडं जगतात. १५५९ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायपीठानं निषिद्ध पुस्तकांची यादी काढली, तीत लोकांच्या भाषेतली पुष्कळ भक्तिपर पुस्तकं आली. लॅटिन न येणाऱ्या तेरेजाच्या हातची बादलीच गेली. त्या दुःखात आपल्याला ख्रिस्ताकडून जिवंत पुस्तकाचं आश्वासन मिळालं, असं ती लिहिते. पुढे तिनं स्वतः लिहिलेली पुस्तकंच इतरांची बादली झाली. तिचा सहकारी क्रुसाचा योहान बेआसच्या मठातल्या संन्यासिनींना कागदाच्या लहान चिठ्ठ्यांवर एकेक वचन लिहून द्यायचा. रोजच्या उताऱ्याचं मूळ रूप शोधायचं तर ते या चिठ्ठ्यांत सापडतं. एका माणसानं, ओळखीच्या माणसाला, तिची नड बघून लिहिलेलं.

आता मला जिथे रेंगाळायचं आहे तिथे येतो. कांब्रे हे आज उत्तर फ्रान्समधलं गाव, तेव्हा स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये होतं. १६२३ मध्ये नऊ इंग्रज तरुणी तिथे मठ काढायला आल्या. इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणं गुन्हा होता, मठ तर आठव्या हेन्रीनं ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच मोडून टाकले होते. त्या नवांपैकी एक गर्ट्रूड मोर, सतरा वर्षांची, हेन्रीनं ज्याचा शिरच्छेद करवला त्या थॉमस मोरच्या वंशातली. या मुलींना त्या काळात चलतीत असलेली पद्धत शिकवली गेली. बायबलमधला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करा, त्यावर मुद्देसूद विचार करा, निश्चय करा. काहींना ते जमेचना. गर्ट्रूड तर पार बेजार झाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टिन बेकर नावाचा बेनेदिक्तिन धर्मगुरू तिथे आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की सगळ्यांना एक चप्पल बसत नाही. वाचताना जे तुझ्या मनाला ओढून घेईल तिथे थांब, जे तुझ्यासाठी नाही ते खुशाल ओलांडून जा.

पण वाचायचं काय? इंग्रजीत असं लिखाण मिळायचं कुठून? १६२९ मध्ये बेकरनं लंडनच्या रॉबर्ट कॉटनला पत्र लिहिलं. मोडलेल्या मठांमधली हस्तलिखितं गोळा करणारा हा नामांकित संग्राहक. बेकरनं लिहिलं की या संन्यासिनींचं जगणं ध्यानाचं आहे, बाजारातली नेहमीची पुस्तकं त्यांच्या उपयोगाची नाहीत, तेव्हा जुन्या इंग्रजीतलं ध्यानावरचं, संतचरित्रांचं काही असेल तर द्यावं, छापील असो वा हस्तलिखित. रोजच्या प्रार्थनेला शिदोरी लागते म्हणून कुणीतरी इतक्या दूर हात पसरला, हे मला त्या पत्रात फार जवळचं वाटतं.

मिळालेल्या मजकुराचं त्या बायकांनी काय केलं? हातानं उतरवला. बेकरचा आग्रह असे की प्रत्येकीनं आपापल्या नडीप्रमाणे उतारे निवडावेत आणि आपली वही करावी. म्हणजे मठात जितक्या संन्यासिनी तितके संग्रह. बार्बरा कॉन्स्टेबल नावाच्या संन्यासिनीनं तर आयुष्यभर नकला केल्या. बोरू शाईत बुडवून एखादी ओळ लिहायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ ती ओळ डोळ्यांसमोर राहते. रवंथाची हीही एक तऱ्हा. मार्गारेट गॅस्कोइन ही त्यांच्यातलीच, १६३७ मध्ये वारली. शेवटच्या आजारात तिनं समोरच्या क्रुसाखाली एक वचन लिहून लावायला सांगितलं. ते नॉरिचच्या जुलियनचं होतं.

या वह्यांवरून भांडणंही झाली. बेकरच्या शिकवणीवर मठाच्या अधिकृत गुरूनं आक्षेप घेतला, प्रकरण १६३३ मध्ये वरपर्यंत गेलं. शिकवण निर्दोष ठरली, बेकरची मात्र बदली झाली. त्याच्या मृत्यूनंतर १६५५ मध्ये वरिष्ठांनी फर्मावलं की बेकरची हस्तलिखितं तपासून शुद्ध करायला आमच्या स्वाधीन करा. मठाधिकारिणी होती कॅथरीन गॅस्कोइन, मार्गारेटची बहीण. तिनं साफ नकार दिला आणि बाकीच्या तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

स्वतःच्या भाषेतल्या वाचनाची ही भूक त्याच शतकात आपल्या किनाऱ्यावरही होती. थॉमस स्टीफन्स हाही मायदेश सोडलेला इंग्रज कॅथलिक, जेझुइट संन्यासी, १५७९ मध्ये गोव्यात उतरला. जुनी पुराणं वाचायला बंदी झालेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्या जागी वाचायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यानं मराठीत ओव्या रचल्या. १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं त्याचं ख्रिस्तपुराण म्हणजे तो ग्रंथ. ध्यानाचा ग्रंथ तो नव्हे, कथेचा आहे. पण पुस्तक काढून घेतलं की माणसाच्या हाताला काय होतं, हे तेरेजाइतकंच स्टीफन्सलाही कळलं होतं असं दिसतं.

आता मार्गारेटनं जिचं वचन लावायला सांगितलं ती जुलियन कोण? चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉरिच गावात चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत स्वतःला कायमची कोंडून घेऊन राहिलेली साधिका. ती सहा वर्षांची असताना गावात प्लेग येऊन गेला होता. १३७३ च्या मे महिन्यात, साडेतीस वर्षांची असताना, मरणाच्या दारात तिला सोळा दर्शनं झाली. ती तिनं इंग्रजीत लिहिली, आधी थोडक्यात आणि मग वर्षानुवर्षांच्या चिंतनानंतर विस्तारानं. इंग्रजीत स्त्रीनं लिहिलेलं, आपल्याला माहीत असलेलं हे पहिलं पुस्तक. त्याची विस्तृत प्रत आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः परदेशी मठांतल्या या इंग्रज संन्यासिनींच्या वर्तुळामुळे. त्यांनी ती उतरवून ठेवली, आणि १६७० मध्ये त्यांच्याच वर्तुळातल्या सेरेनस क्रेसीनं पहिल्यांदा छापली. रोजच्या प्रार्थनेला काहीतरी हवं या साध्या गरजेपोटी एक अख्खी लेखिका वाचली.

जुलियनचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य, शेवटी सगळं नीट होईल अशा आशयाचं, आज चहाच्या मगवर छापलेलं मिळतं. उताऱ्यांच्या पुस्तकांत तर असतंच. मला राग येतो तो इथे. ते वाक्य तिच्या पुस्तकात येतं तेव्हा ती विचारत असते की देवानं पाप मुळातच का थांबवलं नाही, आणि ते उत्तर मिळाल्यावरही तिचं समाधान होत नाही. पुढची कितीतरी प्रकरणं ती अडून बसते, हे कसं शक्य आहे म्हणून विचारत राहते. मगवर फक्त उत्तर येतं, भांडण येत नाही. म्हणून मला बेनेदिक्ताचं कलम बरं वाटतं: एकच पुस्तक, सलग. रोज नव्या संताकडे जेवायला गेलं की कुणाच्याच घरची चव कळत नाही.

जुलियन स्वतः कशी वाचायची, हे तिच्या एक्कावन्नाव्या प्रकरणात दिसतं. तिथे पुस्तक नाही, एक दृश्य आहे. एक धनी बसला आहे. त्याच्यासमोर चाकर उभा. धन्यानं कामाला पाठवताच तो प्रेमापोटी पळत सुटतो आणि खड्ड्यात पडतो. जबर लागतं. सगळ्यात मोठं दुःख हे, की मान वळवून धन्याचा चेहरा त्याला पाहता येत नाही. धनी जवळच आहे आणि त्याच्याकडे मायेनंच पाहतो आहे. जुलियनला याचा अर्थ लागेना. पहिल्या लिखाणात तिनं ही गोष्ट घातलीही नव्हती. दर्शनानंतर वीस वर्षांना तीन महिने कमी असताना तिला आतून सूचना झाली की दृश्यातल्या प्रत्येक बारीकसारीक गोष्टीकडे नीट बघ, नुसतं अंधूक आठवू नकोस.

मग ती बघायला लागते. धनी कुठे बसलाय? सिंहासनावर नाही, ओसाड जमिनीवर, एकटाच. कपडे निळे, घोळदार. आणि चाकर? अंगात एकच पांढरा अंगरखा. जुना, घामानं डागळलेला, तोकडा, गुडघ्याखाली चार बोटं. आता फाटेल की मग फाटेल असा. अशा धन्यासमोर असा अवतार करून कुणी उभं राहतं का, असा प्रश्न तिला पडतो, आणि त्या अंगरख्याच्या धाग्याला धरून ती आदामापासून ख्रिस्तापर्यंत जाते. पडलेला माणूस आणि माणूस होऊन खाली आलेला देवाचा पुत्र, दोघे त्या एका चाकरात आहेत. मळका अंगरखा म्हणजे त्यानं अंगावर चढवलेलं आपलं शरीर. वीस वर्षं सोबत वागवलेलं एक दृश्य शेवटी कपड्याच्या लांबीवरून उलगडतं. पाम्बोची एकोणीस, हिची जवळपास वीस.

विसाव्या शतकात मौनप्रार्थनेची ही वाट मठाबाहेर आली, तीही वाचनामुळेच. ब्रिटिशांच्या वसाहतखात्यात नोकरीला असलेल्या जॉन मेन यांना १९५० च्या दशकात मलायात स्वामी सत्यानंद यांनी नामजपाचं ध्यान शिकवलं, पण जप ख्रिस्ती शब्दाचा कर असं सांगून. पुढे मेन बेनेदिक्तिन मठात गेले, तेव्हा तिथल्या गुरूनं ते बंद करायला लावलं. त्यांनी ते निमूट सोडलं. बऱ्याच वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये एका तरुणानं ख्रिस्ती गूढवाद्यांबद्दल विचारलं, तेव्हा मेननी त्याच्या हातात बेकरचं पुस्तक ठेवलं आणि त्या निमित्तानं स्वतःही पुन्हा वाचलं. बेकरनं बोट दाखवलं कासियनकडे. कासियनच्या दहाव्या संभाषणात वाळवंटातला आबा इसाक स्तोत्रातली एकच ओळ अष्टौप्रहर मनात घोळवत ठेवायला सांगतो. मलायात शिकलेलं ते आपल्याच घरच्या कपाटात होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्पेन्सरच्या मठातल्या विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या ट्रॅपिस्ट संन्याशांनी चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रजी पुस्तकावरून अशीच पद्धत बसवली. एक पवित्र शब्द, वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. विचारात वाहवलं की त्या शब्दाकडे हळुवार परतायचं. व्हॅटिकननं १९८९ मध्ये पौर्वात्य पद्धतींबाबत सावधगिरीचं पत्र काढलं. तारीख १५ ऑक्टोबर, म्हणजे नेमका तेरेजाचा सण.

मौनप्रार्थनेच्या या मंडळींच्या रिवाजात उतारा प्रार्थनेच्या वेळात येत नाही. आधी किंवा नंतर येतो, आणि लहान असतो. ती वीस मिनिटं जुलियनवर विचार करण्यासाठी नसतात. विचार आला तर तोही सोडायचा, कितीही उत्तम असला तरी. वाचकाला हे जड जातं. मला फार गेलं. सुरुवातीला मी प्रत्येक सुंदर वाक्याखाली रेघ ओढायचो, वहीत उतरवायचो, मित्रांना पाठवायचो, आणि बसायचं राहून जायचं. मग एका जानेवारीत बाकी पुस्तकं कपाटात घातली आणि जुलियनची एकच प्रत खुर्चीजवळ ठेवली.

कांब्रेच्या त्या मठाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १७९३ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या शिपायांनी संन्यासिनींना पकडून कॉम्पिएन्यला कैदेत टाकलं. पुस्तकं मागे राहिली. बऱ्याच वह्या आज लील आणि कांब्रे इथल्या संग्रहांत आहेत. त्याच कैदखान्यात तेरेजाच्या पंथाच्या सोळा कार्मेलाइट संन्यासिनी होत्या. १७ जुलै १७९४ ला पॅरिसमध्ये त्यांना गिलोटीनवर चढवलं. त्यांचे मागे उरलेले साधे कपडे या इंग्रज संन्यासिनींना देण्यात आले, आणि १७९५ मध्ये सुटका झाल्यावर त्या तेच कपडे घालून इंग्लंडला पोचल्या.

माझी खूण अजून एक्कावन्नाव्या प्रकरणात आहे. गेल्या पावसाळ्यात त्या पानाला ओल लागली, कड वाकडी झाली. रोज सकाळी चाकर पळतो, पडतो, आणि मी त्या तोकड्या अंगरख्यापाशी येऊन पुस्तक मिटतो.